उमऱ्याच्या पेटीतील माल : काय तिथे घ्यावे, काय इथेच

वरूड तालुका संत्र्याचा. आंबिया किंवा मृग बहाराचा पैसा हाती आला की पूर्वी घर बांधणे, लेकीचे लग्न उरकणे असे बेत होत. आता त्यात उमऱ्याची भर पडली आहे. परतताना काही जण दोन-चार दिवस दुबईतही थांबतात. इबादत हा प्रवासाचा मुख्य हेतू, त्यावर आम्ही व्यापाऱ्यांनी बोलण्याचे कारण नाही. पण इबादतीखेरीजच्या वेळात माणूस खातो, फिरतो, बाजार पाहतो, आणि येताना पेटी भरून आणतो. त्या पेटीतील मालाबद्दल मात्र आम्हाला बोलायला हवे. कारण तो माल आमच्याच गिऱ्हाइकाच्या पैशाचा असतो, आणि महिनाभराने तेच गिऱ्हाईक दुकानात येऊन "तिथल्यासारखे दाखवा" म्हणते.

प्रथम खाण्याचे. जेद्दा-मक्का येथील अल-बैकची कोंबडी, कब्सा, मंदी, कुनाफा यांची गोडी परतलेला प्रत्येक जण सांगतो. हा आनंद तिथेच घ्यावा, तो पेटीत येत नाही. पण व्यापाऱ्याने त्यातले एक पाहावे. कब्सा-मंदीसाठी लागणारा बासमती मोठ्या प्रमाणात आपल्याच देशातून जातो; सौदी अरेबिया हा भारतीय बासमतीच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. दुबईत ज्याला 'करक' चहा म्हणतात तो आपलाच कडक चहा, नावासकट तिकडे गेलेला.

पेटीत येते ती खजूर. मदिनेची अजवा घेताना नीट पाहावे. अजवा काळसर, आखूड, गोलसर असते व सालीवर बारीक पांढुरक्या रेषा दिसतात. सफावीही काळीच, पण लांबट असते आणि स्वस्त असते. गर्दीत ती अजवाच्या भावाने खपवली जाण्याचा संभव असतो. बंद डबा घेण्याऐवजी उघड्या मालातून निवडून, चाखून, वजन करून घ्यावे. झमझमचे पाणी मात्र सामानात बाटल्या कोंबून आणू नये. विमानतळावर ५ लिटरचा बंद खोका मिळतो, तोच आणावा.

आता आमच्या धंद्याचा विषय, कापड. तिकडच्या अबायासाठी 'निदा' म्हणून जे कापड प्रसिद्ध आहे ते पॉलिस्टर आहे. रंग गडद काळा, पडणे सुंदर, इस्त्रीची कटकट नाही. पुरुषांच्या पांढऱ्या थोबसाठी जपानी गिरण्यांचे कापड फार वर्षांपासून नावाजलेले आहे. म्हणजे 'अरबी कापड' म्हणून आपण जे आणतो ते बहुधा जपान, कोरिया किंवा चीनमध्ये विणलेले असते. त्याची प्रत चांगली असू शकते, त्याबद्दल वाद नाही. पण ते वातानुकूलित घरे, मोटारी आणि बाजार यांत वापरण्याचे कापड आहे. वरूडच्या मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, पॉलिस्टर घाम शोषत नाही. म्हणून समारंभासाठी एक आणावा, रोजच्यासाठी सुती किंवा व्हिस्कोसचे मिश्रण इथेच घ्यावे.

कापड ओळखण्याची जुनी रीत अजूनही खरी आहे. काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळते व त्याची कडक गोळी होते. दुसरे, माप. दुबईत कापड अनेकदा वारावर विकले जाते. १ वार म्हणजे ९१ सेंटिमीटर. १० वार घेतले तर हाती सव्वानऊ मीटरहून थोडे कमीच येते. पन्हाही विचारावा. अबायाच्या कापडाचा पन्हा ५८-६० इंच असतो, आपल्या सुती कापडाचा बहुधा ४४. पन्हा न पाहता भावाची तुलना केली तर हिशेब चुकतो.

जानमाज, टोप्या, तसबीह यांचे तर विचारूच नका. नातेवाइकांत वाटायला डझनांनी घेतलेला हा माल बराचसा चीन, तुर्कस्तान, बांगलादेश येथून तिथे आलेला असतो. भेट तिथून आणली याचा आनंद मोठा असतो, तो कुणी हिरावून घेऊ नये. पण २५ जणांना वाटायचे असेल तर थोड्या वस्तू तिथून व बाकीच्या इथून घेतल्या तरी प्रेमात फरक पडत नाही, आणि सामानाचे वजनही आटोक्यात राहते.

अत्तराची गोष्ट अधिक मजेची आहे. आखातातले शौकीन ज्या ऊदसाठी पाण्यासारखा पैसा ओततात तो ऊद आसामच्या जंगलातून आणि होजाईच्या बाजारातून शेकडो वर्षांच्या ओळखीने तिकडे जात आला. तिकडे अत्तर आजही 'तोळ्या'वर मागितले जाते. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आपलेच माप. दुबईच्या सोनेबाजारात १० तोळ्यांची वीट प्रसिद्ध आहे ती याच नात्याने. १९६६ पर्यंत दुबईत रुपयाच चालत असे. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, आणि हाजींसाठीही वेगळ्या. तेव्हा तो बाजार आपल्याला परका नाही. मेंदीचेही तसेच : राजस्थानातील सोजतची मेंदी आखातात जाते.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. पेटीतून गोरेपणाच्या क्रीमच्या डब्या येतात. त्यांवर धड बनवणाऱ्याचा पत्ता नसतो, ना घटकांची यादी. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. पारा त्वचेतील रंगद्रव्य बनू देत नाही म्हणून चेहरा लवकर उजळतो. पण तोच पारा त्वचेवाटे रक्तात व मूत्रपिंडात जातो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या रुग्णांत अशी क्रीम वापरणारे अनेक जण आढळले. हे दूरचे वाटत असेल तर आपल्या अकोल्याचे पाहा. तिथल्या एकाच घरातील तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाली आणि कारण गोरेपणाची क्रीम निघाले, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात याचा उलगडा झाला व २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत ते आले. ती क्रीम परदेशी नव्हती, इथेच घेतलेली होती. म्हणजे दोष देशाचा नाही, बिननावाच्या मालाचा आहे. डबीवर 'मर्क्युरी', 'कॅलोमेल' असे शब्द असतील, किंवा काहीच लिहिलेले नसेल, तर ती घेऊ नये. दुकानदार बंधूंनी ती ठेवूही नये. चार पैशांच्या नफ्यासाठी गावच्या लेकी-सुनांचे आयुष्य पणाला लावणे ही तिजारत नव्हे. झटपट रंग चढणारी 'काळी मेंदी' व शिसे असलेला सुरमा यांनाही हाच नियम लावावा.

शेवटी पैशाचा हिशेब. सौदीत जुलै २०२० पासून विक्रीवर १५ टक्के व्हॅट लागू झाला. दुबईत तो जानेवारी २०१८ मध्ये ५ टक्क्यांनी सुरू झाला. दुबईत नोंदणीकृत दुकानातून किमान २५० दिरहमची खरेदी केली तर पर्यटकाला व्हॅटचा मोठा भाग विमानतळावर परत मिळू शकतो. मात्र तसे बिल दुकानातच मागावे लागते. सोन्याचा भाव तिथे रोज फलकावर लागतो, त्यात घासाघीस नाही. घासाघीस घडणावळीत करायची. पण लक्षात असू द्या, दागिन्यांची २० व ४० ग्रॅमची कस्टम सवलत परदेशात वर्षाहून अधिक राहिलेल्यांसाठी आहे. पंधरा दिवसांच्या प्रवाशाला ती लागू नाही. कुणी ओळखीचा विमानतळावर "एवढे एक पुडके न्या" म्हणाला तर हात जोडून नाही म्हणावे.

आमच्या कारागीर बंधूंना यातून एक धडा आहे. दुबईच्या ज्या दुकानांत अबायावर जरी-खड्यांचे काम होते तिथे सुई बरेचदा भारत, पाकिस्तान वा बांगलादेशच्या माणसाच्या हाती असते. म्हणजे हुनर आपल्याकडे आहे. कमी आहे ती शिस्त, सफाईची शिवण, वेळेवर माल, ठरलेला भाव आणि पावती. गिऱ्हाईक तिकडून परतल्यावर फक्त कापडाची नव्हे, या गोष्टींचीही तुलना करते. म्हणून हाजी साहेब दुकानात आले की त्यांच्या अबायाचा नमुना मागून घ्यावा, टाके पाहावेत, कापड हाताने तपासावे. तो नमुना आपल्या हवेला मानवेल अशा कापडात, योग्य भावात, आपल्याच शिंप्याकडून तयार करून देणे हे अवघड नाही. गिऱ्हाइकाचा पैसा वाचेल, गावच्या कारागिराला काम मिळेल, आणि अशाच व्यवहारात बरकत असते.