काठोकाठ भरलेली विहीर जानेवारीत का आटते?

मागच्या आठवड्यात फील्डवर्कला गेले होते. विहिरींची पातळी मोजत होते, तेव्हा एका काकांनी विचारलं, "ताई, दिवाळीला हाताला पाणी लागत होतं. त्या भरवशावर दोन एकर कांदा लावला. आता तळ दिसतोय. एवढं पाणी गेलं कुठं?" माझ्या पीएचडीचा निम्मा विषय या प्रश्नात आहे, म्हणून आज त्यावरच लिहिते.

उत्तर खडकात आहे. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. हा खडक वाळूसारखं पाणी धरत नाही. पाणी राहतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकातल्या भेगांमध्ये.

थोडा हिशोब करू. 1 हेक्टरखाली पाण्याची पातळी 1 मीटर उतरली, तर किती पाणी मिळतं? गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूतून 15 टक्के पाणी निथळतं असं धरलं, तर 15 लाख लिटर. आपल्या खडकात 2 टक्के धरलं, तर फक्त 2 लाख. तासाला 20,000 लिटर उपसणारा पंप ते 10 तासांत संपवतो!

विहीर भरतेही तशीच झटपट. याच हिशोबाने 20 मिलिमीटर पाणी खाली मुरलं की पातळी 1 मीटर चढते. म्हणून पावसाळ्यानंतर विहीर तुडुंब दिसते आणि आपण फसतो. पातळी वर असते, पण साठा थोडाच असतो.

मग बोअर आणखी खोल न्यायचा का? खाली जावं तशा भेगा सहसा कमी होत जातात. बऱ्याचदा खोल बोअर नवं पाणी शोधत नाही, शेजारच्या विहिरीचंच ओढतो.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने यावर उपाय काढला. पाणलोटाची कामं तर केलीच, शिवाय शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली. दरवर्षी पाऊस किती झाला ते बघून कोणती पिकं घ्यायची, हे गाव एकत्र बसून ठरवतं.

काकांना हा हिशोब वहीत मांडून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे सगळे एकाच रांजणात तांब्या बुडवतोय." अगदी तसंच. यंदाचा कांदा वाचेल का, हे मात्र मला सांगता आलं नाही. तो हिशोब लागवडीआधीच व्हायला हवा होता.