चेहरा कोणाचा, कॅमेरा कोणाचा?

प्रसिद्ध माणसाचा चेहरा आपल्याला रोज भेटतो. कल्याण स्टेशनबाहेर पाऊल टाकले की फलकांवर नेते, नटनट्या, वाढदिवसाचे 'भाऊ' आणि 'दादा' हसत उभे असतात. रिक्षाच्या पाठीवर नट, सलूनच्या भिंतीवर नट आणि मुलांच्या मोबाईलवर तर दिवसरात्र नटच! हा चेहरा आपल्यापर्यंत पोहोचवणारा माणूस मात्र कोणाला दिसत नाही. तो कॅमेऱ्यामागे असतो. कोणाला उजेडात आणायचे आणि कोणाला अंधारात ठेवायचे, हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात असते. म्हणून आपल्या तरुणांनी दोन मराठी छायाचित्रकारांचे काम शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

पहिले गौतम राजाध्यक्ष. जन्म 1950 चा, मुंबईचा. शिक्षण रसायनशास्त्राचे. पुढे लिंटास या जाहिरात कंपनीत नोकरी. 1987 साली ती सोडून त्यांनी पूर्ण वेळ छायाचित्रण पत्करले. हिंदी-मराठी चित्रपटसृष्टीतले बहुतेक नामवंत त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. 'चंदेरी' या मराठी पाक्षिकाचे ते संपादक होते. 1997 साली निघालेल्या त्यांच्या 'फेसेस' या ग्रंथात दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे आहेत. 2011 साली त्यांचे निधन झाले.

राजाध्यक्षांचे छायाचित्र पाहिले की वाटते, ही माणसे जन्मतःच अशी तेजस्वी असावीत. खरी गोष्ट वेगळी आहे. त्यामागे सौम्य प्रकाश असतो, रंगभूषा असते आणि समोरच्या माणसाला मोकळे होऊ देण्याइतका वेळ असतो. रोलच्या जमान्यात एका रोलमध्ये 36 छायाचित्रे निघत. एका चेहऱ्यासाठी असे कित्येक रोल खर्ची पडत आणि छापून येई एखादेच चित्र. प्रसिद्धीचे तेज असे मेहनतीने घडवलेले असते. हे ज्याला कळले, तो फलकावरच्या चेहऱ्यापुढे दिपून जाणार नाही.

दुसरे सुधारक ओलवे. हे विदर्भातले. 1988 पासून त्यांनी मुंबईच्या मोठमोठ्या वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढली. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला समारंभ, पुढारी, तारेतारका चुकत नाहीत. परंतु ओलवे यांचे नाव झाले ते मुंबईच्या सफाई कामगारांच्या छायाचित्रांमुळे. गटारात उतरणारा, कचऱ्याच्या ढिगात उभा राहणारा, रात्री थकून घरी परतणारा माणूस त्यांनी कृष्णधवल चित्रांत जगापुढे ठेवला. 2005 साली नॅशनल जिओग्राफिकच्या 'ऑल रोड्स' पुरस्काराच्या चार मानकऱ्यांत ते होते. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 आणि 2013 असे दोन कायदे झाले, तरी गटारातले मृत्यू थांबलेले नाहीत. त्यामुळे ही चित्रे आजही जुनी झालेली नाहीत.

ओलवे एवढ्यावर थांबले नाहीत. 'फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट' स्थापन करून त्यांनी नव्या मुलामुलींना छायाचित्रण शिकवण्याचे काम हाती घेतले. आपण शिकलो, आता दुसऱ्याला शिकवावे, ही रीत आपल्या चळवळीला नवी नाही.

आता आपल्या कल्याणकडे वळू. प्रल्हाद शिंदे याच शहरात राहिले, 2004 साली येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा आवाज झोपडीपासून बंगल्यापर्यंत पोहोचला. पण त्यांच्या पिढीतले कोरसवाले, ढोलकीवाले, रात्र रात्र जागवणारे गायक-गायिका यांचे नीट काढलेले एक तरी छायाचित्र आपल्या घरात आहे काय? कॅसेटच्या वेष्टनावर मुख्य गायकाचा अंगठ्याएवढा फोटो असे, बाकीच्यांचे नावही नसे. आवाज राहिला, चेहरे गेले. हे नुकसान कोणत्याही जमाखर्चात लिहिले गेले नाही.

आजही कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या वस्त्यांत गाणारी, नाचणारी, पथनाट्य करणारी मुले आहेत. त्यांना प्रसिद्धीची ओढ आहे, त्यात गैर काही नाही. परंतु या ओढीवर टपून बसलेलेही आहेत. 'मालिकेत काम देतो, आधी आमच्याकडूनच पोर्टफोलिओ काढून घ्या,' असे सांगून गरीब आईबापांकडून हजारो रुपये उकळले जातात. बहिणीचे मंगळसूत्र गहाण पडते, काम मिळत नाही. पालकांनी एक खूणगाठ बांधावी. खरे काम देणारा माणूस कामाआधी पैसे मागत नाही. निवडीसाठी साधारणपणे चारच स्वच्छ छायाचित्रे पुरतात: चेहरा समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि एक पूर्ण उंचीचे.

ही चार छायाचित्रे आपल्याच वस्तीतला तरुण काढू शकतो. महागडा स्टुडिओ लागत नाही. सकाळी खिडकीतून येणारा उजेड, मागे कोरी भिंत आणि साधा मोबाईल एवढ्यावर सुरुवात होते. घाई मात्र नको. आधी चार शब्द बोलावे, चहा घ्यावा, समोरच्याचे अवघडलेपण जाऊ द्यावे. दुःखात असलेल्या माणसाचे चित्र त्याच्या परवानगीवाचून काढू नये. प्रत्येक चित्रासोबत नाव, गाव, तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीला 'हे कोण?' असे विचारावे लागणार नाही. ज्याला पुढे रीतसर शिकायचे आहे, त्याने मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेची चौकशी करावी. कल्याणहून सीएसएमटी सुमारे 54 किलोमीटर, तेथून संस्था पायी चालण्याच्या अंतरावर आहे.

कायद्याचीही थोडी माहिती हवी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्र काढणारा हा त्या चित्राचा कर्ता असतो. मात्र पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र काढले आणि वेगळा करार केला नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याची होते. म्हणून लग्नाचे काम असो वा जाहिरातीचे, दोन ओळींचा का होईना, लेखी करार करावा. चित्राखाली आपले नाव मागावे, तो कर्त्याचा हक्क आहे.

मंडळांना एक सूचना. जयंतीच्या फलकावर पदाधिकाऱ्यांचे पन्नास चेहरे छापण्याऐवजी त्यातला थोडा खर्च वाचवून वस्तीतल्या नव्या कलावंतांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन विहारात भरवा. चित्रे काढणारी मुलेही वस्तीतलीच असू द्या. धुणीभांडी करून मुलीला गाणे शिकवणारी आई त्या भिंतीवर लेकीचा चेहरा पाहील, खाली तिचे नाव वाचील. मोठ्या पडद्यावर कोण झळकेल ते झळको. आपली माणसे आपल्या भिंतीवर तरी नावानिशी दिसली पाहिजेत, आणि ते काम दुसरे कोणी येऊन करणार नाही.