निजामाबादचा ठोसा

परभणीजवळच्या पोखर्णीच्या नृसिंहाने हिरण्यकशिपूचा निकाल ज्या रीतीने लावला, ती मुष्टियुद्धाच्या नियमांत बसत नाही. प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणं फाउल, उघड्या पंजाचा फटका फाउल, नखांचं तर नावच नको. पोटावर मारलेलं तेवढं चालतं, तेही पट्ट्याच्या वर. मूठ मिटलेली हवी आणि ग्लोव्हचा पेरांवरचा भाग नेमका लागायला हवा, तरच तो ठोसा धरतात. आमच्या भागात हे सांगावं लागतं, कारण इथे जत्रा म्हटली की कुस्तीचा फड. पण पोखर्णीहून परभणी गाठून हैदराबादकडे जाणारी देवगिरी एक्स्प्रेस धरली, की पूर्णा, नांदेड, मुदखेड, धर्माबाद, बासर मागे टाकत निजामाबाद येतं. या गावाने जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेला दोन पदकविजेते दिले. १९४८ पर्यंत परभणी आणि निजामाबाद एकाच निजामाच्या अमलाखालचे जिल्हे होते, म्हणजे तसे आपण जुने शेजारीच.

पुरुषांची जागतिक स्पर्धा १९७४ साली हवानात सुरू झाली. तिथे भारताचं खातं उघडायला २००९ उजाडावं लागलं. मिलानमध्ये विजेंदर सिंगने कांस्य मिळवलं. २०१९ मध्ये अमित पंघाल रौप्यापर्यंत पोहोचला, सुवर्ण मात्र अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. बायकांची स्पर्धा सुरू झाली ती २००१ मध्ये, अमेरिकेतल्या स्क्रँटनला. मेरी कोमने पहिल्याच खेपेला रौप्य आणलं आणि पुढे सहा सुवर्णं जिंकली. २००६ आणि २०२३, दोन्ही वेळा दिल्लीत भारतीय मुलींनी चार-चार सुवर्णपदकं घेतली.

त्या २०२३ च्या चौघींपैकी एक निजामाबादची निखत झरीन. वडील मोहम्मद जमील अहमद स्वतः खेळाडू. त्यांनी तिला आधी धावायला लावलं होतं. मैदानावर बॉक्सिंग करतात ती सगळी मुलंच, मुली का नाहीत, हा प्रश्न तिला पडला आणि ती ग्लोव्ह चढवून मोकळी झाली. २०११ मध्ये ती कनिष्ठ गटाची जगज्जेती होती, तरी मोठ्यांच्या सुवर्णासाठी तिला ११ वर्षं थांबावं लागलं. मध्ये खांद्याची दुखापत झाली, आणि वजनगट तोच, जिथे मेरी कोम. २०१९ मध्ये निखतने उघडपणे निवड चाचणी मागितली. चाचणी मिळाली आणि निखत ९-१ अशी हरली. मला या हरण्याचं मोल पदकाइतकंच वाटतं. मेरीसमोर चाचणी मागायलाच छाती लागते.

१९ मे २०२२ ला इस्तंबूलमध्ये ५२ किलो गटाच्या अंतिम लढतीत तिने थायलंडच्या जितपाँग जुतामासला ५-० ने हरवलं. ५-० म्हणजे पाच ठोसे नव्हेत. रिंगणाभोवती पाच जज बसतात, प्रत्येक जण फेरीगणिक सरस खेळाडूला १० आणि दुसऱ्याला बहुधा ९ गुण देतो. पाचही जणांचा कौल तिच्याच बाजूने पडला, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या वर्षी दिल्लीत ती ५० किलोत उतरली, कारण पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५२ चा गट नव्हता. लढतीच्या दिवशी सकाळी काटा पाहतात. तिथे जरा जास्त भरलं, तर ठोसा न मारताच घरी. व्हिएतनामच्या न्गुएन थी ताम हिला हरवून तिने दुसरं सुवर्ण घेतलं. पॅरिसमध्ये मात्र चीनच्या वू यूने तिला लवकरच बाहेर काढलं.

दुसरा पदकविजेता मोहम्मद हुसामुद्दीन, सैन्यातला. त्याचे वडील निजामाबादचे प्रशिक्षक. घरच्या मुलांबरोबरच त्यांनी निखतलाही शिकवलं, आणि या गावाचं खरं कौतुक मला याचंच वाटतं. २०२३ मध्ये ताश्कंदला हुसामुद्दीन ५७ किलो गटात उपांत्य फेरीत पोहोचला, पण गुडघा दुखावल्याने रिंगणात उतरलाच नाही. तरी कांस्य त्याचंच. मुष्टियुद्धात तिसऱ्या क्रमांकाची लढत नसते. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य देतात. मार खाल्लेल्या माणसाला दोन दिवसांत पुन्हा रिंगणात ढकलू नये, हा त्यातला शहाणपणा.

इतका शहाणपणा खेळ चालवणाऱ्यांकडे नव्हता. कारभारावरच्या आक्षेपांमुळे ऑलिम्पिक समितीने २०२३ मध्ये जुन्या जागतिक संघटनेची मान्यता काढली. नव्या ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ची पहिली जागतिक स्पर्धा २०२५ मध्ये लिव्हरपूलला झाली. स्त्री-पुरुष एकाच ठिकाणी खेळले. जास्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हुड्डा यांनी सुवर्णपदकं आणली, निखत उपांत्यपूर्व फेरीत हरली, आणि भारताच्या पुरुषांना एकही पदक मिळालं नाही.