फिल्म म्हणजे अख्खा स्कॅन नव्हे

सीटी किंवा एमआरआय केला की हातात एक मोठं पाकीट येतं. आत फिल्म, रिपोर्ट आणि बहुतेकदा एक सीडी. पुढच्या डॉक्टरांकडे जाताना आपण फिल्म आणि रिपोर्ट घेतो. सीडी कपाटातच राहते. खरं मोल तिचंच आहे.

गैरसमज : फिल्मचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की झालं.
वस्तुस्थिती : सीटीच्या मूळ प्रतिमेत सहसा ४,०९६ करड्या छटा असतात. मोबाइलच्या नेहमीच्या फोटोत त्यांतल्या फार तर २५६ उरतात, आणि पाठवताना तपशील आणखी कमी होतो. शिवाय एका स्कॅनमध्ये शेकडो काप असू शकतात. फिल्मवर त्यांतले निवडकच छापले जातात. मूळ फाइल असली की डॉक्टर त्याच कापात आधी फुप्फुस, मग हाड स्पष्ट करून पाहू शकतात. घाईच्या वेळी फोटोवरून अंदाज बांधता येईल, पण निर्णयासाठी मूळ प्रतिमाच हव्यात.

गैरसमज : सीडी घरच्या संगणकावर उघडत नाही, म्हणजे ती खराब आहे.
वस्तुस्थिती : या प्रतिमा ‘डायकॉम’ या प्रकारात साठवतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांच्या प्रतिमा वाचता याव्यात म्हणून हे मानक ठरलं. १९९३ पासून ते याच नावाने ओळखलं जातं. त्यासाठी वेगळा व्ह्यूअर लागतो. तो बरेचदा सीडीतच असतो. ‘वेसिस’सारखे मोफतही मिळतात.

गैरसमज : रुग्णालय आपले स्कॅन कायम जपून ठेवतं.
वस्तुस्थिती : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवण्याचं बंधन आहे. मागितल्यास त्या ७२ तासांत द्यायच्या असतात.

गैरसमज : ‘आभा’ काढलं की सगळं सरकारी संगणकात जमा होतं.
वस्तुस्थिती : ‘आभा’ हा १४ अंकी ओळखक्रमांक आहे. नोंदी जिथे तयार झाल्या तिथेच राहतात. तुमच्या संमतीने त्या फक्त जोडल्या आणि दाखवल्या जातात.

गाठ वाढली की तशीच आहे, हे जुना स्कॅन शेजारी ठेवल्यावरच नीट कळतं. म्हणून आजच सीडीतलं संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि त्यावर तारीख लिहा. मात्र ते कोणालाही पाठवू नका: डायकॉम फाइलच्या आत रुग्णाचं नाव आणि जन्मतारीखही नोंदलेली असते.