बारावीनंतरचे नियोजन : पालकांचे मार्गदर्शन

‘बारावीनंतर काय?’ हा प्रश्न पालकांना निकालानंतर पडतो. त्याचे उत्तर मात्र दहावीनंतरच ठरू लागते. गुजरातमध्ये अकरावी विज्ञानात गणिताचा ‘ए’ व जीवशास्त्राचा ‘बी’ असे गट असतात. ‘बी’ गट घेतल्यास अभियांत्रिकीची वाट सहसा बंद होते. अल्पशिक्षित पालकांना हे उशिरा कळते.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांत एकच मुस्लिम होता.

आयटीआय अथवा पदविका म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे. अभियांत्रिकी पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. हुन्नर व शास्त्र यांची सांगड वडोदऱ्यास नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली सुरू झालेले कलाभवन त्याचीच साक्ष आहे.

म्हणून शिक्षकांनी दहावीच्या निकालापूर्वीच वस्तीत पालकसभा घ्यावी, मातांनाही आवर्जून बोलवावे. सभा उर्दू-गुजरातीत चालावी. प्रवेशाच्या तारखा, शुल्क व दाखल्यांची यादी एकाच पानावर द्यावी. मुलींच्या पालकांना अंतर व वसतिगृहाची माहिती आधी द्यावी; कित्येकदा नकार शिक्षणाला नसून प्रवासाला असतो. निर्णय पालक व पाल्य यांनी मिळून घ्यावा. शिक्षकाने फक्त सर्व वाटा वेळेवर दाखवाव्यात.