नाशिकचा विजय, महाराष्ट्राची निराशा

जानेवारी 2025 मध्ये नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजेच नाशिककरांच्या गोल्फ क्लबवर, महाराष्ट्राने रणजी सामन्यात बडोद्याला 439 धावांनी हरवले, तरीही आठ संघांच्या गटातून उपांत्यपूर्व फेरीत जाणाऱ्या पहिल्या दोघांत त्याला स्थान मिळाले नाही. याचे कारण गुणपद्धतीत आहे; निर्णायक विजयाला सहा गुण मिळतात आणि एका जादा गुणासाठी डावाने किंवा दहा गडी राखून जिंकावे लागते, त्यामुळे धावांचे अंतर कितीही मोठे असले तरी आधीच्या सामन्यांतील तूट त्याने भरून निघत नाही. त्यामुळे महाराष्ट्राची विजेतेपदाची प्रतीक्षाही लांबली; त्याचे शेवटचे रणजी विजेतेपद 1940-41 चे आहे.