कागदाच्या घुमटातून उलगडणारं पँथिऑन

रोमचं पँथिऑन इ.स. 125 च्या सुमारास, सम्राट हेड्रियनच्या काळात उभं राहिलं. त्याचा घुमट आतून 43.3 मीटर रुंद आहे. लोखंडी सळया न घालता ओतलेल्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात नाही. तो टिकला कसा, हे समजून घ्यायचा एक उत्तम मार्ग म्हणजे कार्डशीट, कात्री आणि डिंक घेऊन त्याचं मॉडेल करणं.

प्रमाण 1:200 धरू. भिंतीचं काम सोपं आहे. 68 सेंटीमीटर लांब आणि 10.8 सेंटीमीटर रुंद पट्टी गुंडाळली की आतला दंडगोल तयार. त्याची उंची घुमटाच्या त्रिज्येएवढीच आहे, त्यामुळे या वास्तूच्या पोटात जमिनीला टेकणारा एक अख्खा गोल कल्पिता येतो.

अडचण सुरू होते ती घुमटापासून. वहीला कव्हर नीट बसतं. चेंडूला कागद गुंडाळला की सुरकुत्या पडतातच. सपाट पृष्ठभाग न ताणता, न फाडता गोलावर बसवता येत नाही, हे गाउस या जर्मन गणितज्ञाने 1827 मध्ये दाखवून दिलं. म्हणून पृथ्वीगोलाचे नकाशे छापतात तशा पाकळ्या कापाव्या लागतात. पँथिऑनच्या घुमटात आतून खोलगट चौकोनांच्या पाच ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत 28 चौकोन. तेव्हा आपणही 28 पाकळ्या घेऊ. प्रत्येक पाकळी तळाशी 24 मिलिमीटर रुंद, शिखरापर्यंत 17 सेंटीमीटर लांब. कडा सरळ आखल्या तर पाकळी मध्यावर 12 मिलिमीटर भरेल आणि घुमटाऐवजी टोकदार तंबू होईल. तिथे 17 मिलिमीटर हवेत, म्हणजे कडा बाहेरच्या बाजूला फुगीर हव्यात. टोकाचे सव्वादोन सेंटीमीटर कापून टाकायचे. तिथे माथ्यावरचा सुमारे 9 मीटर व्यासाचा उघडा झरोका येतो.

आता पाकळ्यांची वरची टोकं एका कागदी कड्याला चिकटवा, खालची मोकळी ठेवा आणि घुमट टेबलावर ठेवून माथ्यावर बोटाने हलकेच दाबा. पाकळ्या तळाशी बाहेर फाकतात. खालच्या टोकांभोवती कागदाची पट्टी चिकटवून पुन्हा दाबा. आता घुमट भार पेलतो आणि पट्टी ताणली जाते. खऱ्या घुमटातही हेच घडतं. सारख्या जाडीच्या अर्धगोलात शिखरापासून सुमारे 52 अंशांपर्यंतची आडवी कडी दाबली जातात, त्याखालची ताणली जातात. झरोका दाबाच्या पट्ट्यात असल्याने त्याची कड आवळली जाते आणि मधलं भोक धोक्याचं ठरत नाही.

काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. पँथिऑनच्या घुमटाच्या खालच्या भागात उभ्या भेगा आहेत, त्या याचमुळे. भेगा पडल्यावर घुमट आपल्या कागदी पाकळ्यांसारखाच वागतो. फाळके एकमेकांना माथ्याशी रेटून उभे राहतात आणि त्यांचा बाहेरचा रेटा भिंतीवर येतो. रोमन कारागिरांनी तो रेटा वजनाच्या हिशेबाने आवरला. भिंत सुमारे 6 मीटर जाड केली. घुमटाच्या बुडाशी बाहेरून पायऱ्यांसारखी जड कडी चढवली. माथ्याशी जाडी सव्वा मीटरच्या आसपास आणली. काँक्रीटमधली खडीही उंचीनुसार बदलली: खाली जड दगड, अगदी वर हलका, सच्छिद्र ज्वालामुखीय दगड.

शाळेत हे मॉडेल करणार असाल, तर तळाची पट्टी शेवटपर्यंत चिकटवू नका. प्रत्येक मुलाला एकदा मोकळ्या घुमटावर आणि एकदा पट्टी बांधलेल्या घुमटावर बोट दाबू द्या. 6 मीटर जाडीची भिंत कशासाठी, हे मग त्यांना विचारा. उत्तर तीच देतील.